व्यापार आणि मोनोपॉलीत सौदा कसा करावा?

मोंढेकर (लातूर)

सुट्ट्या लागल्यात. आपल्याकडचं ऊन अकरालाच अंगणात पाय ठेवू देत नाही, म्हणजे घरोघरी व्यापारचा डबा निघालाच असणार. म्हणून हा धागा.

आमच्याकडं जमणारी पोरं हुशार आहेत, पण एका जागी सगळी अडतात. बोर्डवरची कार्डं विकून संपतात, प्रत्येकाच्या हातात चार-पाच रंगांची एकेक-दोनदोन कार्डं येतात आणि मग नुसतं गोल फिरणं सुरू होतं. कुणी बुडत नाही, कुणी जिंकत नाही. शेवटी जेवायची हाक येते आणि डाव मोडतो. चौघं खेळत असतील तर नुसत्या फाशांच्या जोरावर एका रंगाची सगळी कार्डं एकाच्याच हाती येणं फार क्वचित घडतं. रंग पूर्ण होतो तो सौद्यानं, आणि सौदा करायचा कसा हे आपण पोरांना सांगतच नाही. "माझं कार्ड मी कुणाला देणार नाही" हेच शहाणपण समजलं जातं. माझं मत उलट आहे. जो देत नाही, त्याला मिळत नाही, आणि तो जिंकतही नाही.

खालचे आकडे मोनोपॉलीच्या मूळ अमेरिकी बोर्डचे आहेत. चाळीस घरांचा बोर्ड, २८ कार्डं: २२ रस्ते, चार रेल्वे, वीज आणि पाणी. सुरुवातीला प्रत्येकाला १,५०० डॉलर. मुंबई-दिल्लीवाल्या व्यापारच्या डब्यांत नावं, किमती, काही नियम डब्यागणिक बदलतात, पण सौद्याचं गणित तेच राहतं. आपापल्या कार्डावरचे आकडे घालून बघा.

पहिली गोष्ट. सौदा करताना कार्डाची छापील किंमत बघू नका. सौदा झाल्या झाल्या कोण किती घरं बांधू शकतो, ते बघा. नारिंगी रंग घ्या. तीन कार्डं मिळून ५६०. नुसतं भाडं १४, १४, १६. रंग पूर्ण झाला की दुप्पट, म्हणजे तरीही किरकोळच. एक घर बांधलं की ७०, दोन बांधली की २००, आणि तिसऱ्या घराला थेट ५५०! खरी उडी तिथं आहे. घर शंभरला एक, म्हणजे तिन्हीवर तीन-तीन बांधायला ९०० लागतात. हे ९०० हातात असतील तर सौदा करा. नसतील तर थांबा, किंवा सौद्यातच वर रोकड मागा.

दुसरी गोष्ट, समोरच्याची रोकड. गडद निळी दोन कार्डं सगळ्यांना हवी असतात, कारण त्यातल्या बोर्डवॉकवर हॉटेल (चार घरांनंतरची पुढची बांधणी) म्हणजे २,००० भाडं. पण तिथं एक घर २०० चं. दोन्हीवर तीन-तीन घरं म्हणजे १,२००. ज्याच्याकडं तीनशे-चारशे उरलेत त्याला निळा रंग पूर्ण करून दिला तरी बराच वेळ तो काहीच करू शकत नाही. तेवढ्यात तुमचा नारिंगी वसूल व्हायला लागतो.

तुमच्या घरी काय पद्धत आहे? लिहा सगळ्यांनी.

तेरणाकाठ

चांगला विषय. वाचायलोय.

गोदाकाठची (नांदेड)

मोंढेकरदादा, तुम्ही लिहिलंय अगदी तसाच एक डाव आमच्या सासूबाईंनी खेळलेला मी बघितलाय. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण कार्डावरचे आकडे त्यांचे पाठ आहेत.

आमच्याकडं कूलरच्या वाऱ्यानं नोटा उडतात, म्हणून सगळे आपापल्या नोटा बोर्डच्या कडेखाली दाबून ठेवतात. सासूबाई कधी कुणाला "किती उरले रे?" असं विचारत नाहीत. बोर्डची कड कुठं किती उचलली गेलीय ते बघतात, आणि वरची नोट कोणत्या रंगाची आहे ते.

तर नातवाकडं बोर्डवॉक होतं, चार-दोन सुटी कार्डं, एक रेल्वे आणि न्यूयॉर्क अव्हेन्यू, म्हणजे नारिंगीतलं तिसरं. रोकड चारशेच्या आसपास. आजीकडं निळ्यातलं दुसरं, नारिंगीतली दोन आणि हजारभर रोकड. आजी गप्प. कितीतरी फेऱ्या झाल्या, पण नारिंगीचं नाव त्यांनी काढलं नाही. नातवाची सोंगटी तुरुंगात गेली आणि बसल्या बसल्या त्यालाच सुचलं.

"आजी, ते निळं दे की मला."

"आन् मला काय देतूस?"

"पैसे देतो."

"पैसे नकोत. ते नारिंगी दे, आन् वर शंभर."

पोरगं उडालंच. आजी म्हणाल्या, "घरं बांधायला उरतील का, मोजून घे आधी." त्यानं मोजलं नाही. सौदा झाला. त्याच्याकडं तीनशे उरले, त्यातलं एक घर त्यानं बोर्डवॉकवर ठेवलं. आजीनं तिथल्या तिथं नऊ घरं मांडली. त्यानं पन्नास भरून तुरुंग सोडला, फासे टाकले, पडले आठ. थेट नारिंगीवर, ५५० भाडं. घर मोडलं, दोन्ही निळी गहाण टाकली, तरी पुरेना, शेवटी रेल्वे गहाण टाकली.

मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे सासूबाईंची वेळ. नारिंगी त्यांना पहिल्यापासून हवं होतं, पण आपण मागितलं असतं तर त्यानं भाव वाढवला असता. त्याला निळं हवंसं वाटेपर्यंत त्या थांबल्या.

मोंढेकर (लातूर)

ताई, हा किस्सा म्हणजे अख्खा धडा आहे. सोंगटी तुरुंगात असताना सौदा होणं, यातच सगळं आलं.

तुरुंगाचं घर दहावं. नारिंगी सोळा, अठरा आणि एकोणीसवर. म्हणजे तुरुंगातून सहा, आठ किंवा नऊ पडले की नारिंगी. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी सहा पडायच्या पाच, आठच्या पाच आणि नऊच्या चार, एकूण १४. शंभरातून जवळजवळ ३९ वेळा. आणि बोर्डवर सगळ्यात जास्त मुक्काम तुरुंगातच पडतो: 'तुरुंगात जा' हे घर आहे, चिठ्ठ्या आहेत, लागोपाठ तीनदा जोडी (दोन्ही फाशांवर सारखाच आकडा) पडली तरी तिथंच रवानगी. नारिंगीचा भाव यातून येतो. त्याच्या पुढचा लाल रंगही यामुळंच चांगला चालतो.

घरं बांधायला आपली पाळी यावी लागत नाही हेही पुष्कळांना माहीत नसतं. मूळ नियमात दोन पाळ्यांच्या मधेही बांधता येतं. म्हणून समोरचे दोघं आपल्या रंगाच्या सहा ते नऊ घरं मागं आले की सौदा मिटवायचा आणि लगेच बांधायचं. तेच दोघं नुकतेच पुढं निघून गेले असतील तर तेवढा घाईचा सौदा करण्यात काही राम नाही, एक फेरी थांबून भाव बघावा.

हळदीचा_फड (वसमत)

दादा, एक अडचण आहे. नारिंगी चांगलं हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक झालंय, मोबाईलवर बघतात सगळं. आमच्या चुलतभावांत नारिंगीचं एक कार्ड हाती आलं की तो ते छातीशी धरून बसतो. मग काय करावं?

मोंढेकर (लातूर)

मग नारिंगीचा नाद सोडा. फिकट निळ्याकडं बघा. तीन कार्डं १००, १०० आणि १२०, घर फक्त ५० ला. तिन्हीवर हॉटेलं उभी करायला ७५०. म्हणजे कार्डांसकट १,०७० मध्ये सगळा मामला पुरा, आणि हॉटेलचं भाडं ५५०, ५५०, ६००. स्वस्तातला रंग म्हणून लोक हे कार्ड सहज सोडतात, वर "घे की, काय करायचंय ते" असंही म्हणतात. सगळे तंगीत असताना ५५० भाडं कुणालाही जड जातं. ज्यांची रोकड कमी आहे त्यांनी हाच रंग मागावा. हिरव्याच्या मागं लागू नये. तिथं २०० ला एक घर, तीन-तीन घरांना १,८०० लागतात. तेवढे पैसे जमेपर्यंत डाव संपलेला असतो.

छातीशी धरून बसणाऱ्याला सोडवायचा अजून एक मार्ग आहे, तिघांचा सौदा. तुमच्याकडं त्याला हवं ते नसेल, पण तिसऱ्याकडं असतं. तुम्ही तिसऱ्याला त्याचा लाल पूर्ण करून द्या, तिसरा त्या भावाचा पिवळा पूर्ण करून देईल आणि भाऊ तुम्हाला नारिंगी देईल. तिघांचेही रंग होतात म्हणून तिघंही राजी होतात. चौथा मात्र बाहेर राहतो आणि बहुतेक वेळा तोच पहिला बुडतो. म्हणून कुठं दोघं-तिघं कुजबुजायला लागले की आपण त्यात आहोत ना, हे आधी बघायचं.

लोहा_कंधार

आमच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. तिथं पूर्वीपासून हातावर रुमाल टाकून बोटं दाबून भाव ठरवायची रीत. शेजारी उभा असलेल्यालाही आकडा कळत नाही. बोर्डवरचा सौदा याच्या अगदी उलट असतो, कारण तुम्ही काय देऊ केलं ते चौघंही ऐकतात.

याचा फायदा घेता येतो. मला एक कार्ड विकायचं असलं की मी एकाला विचारतच नाही, सगळ्यांसमोर विचारतो, "हे लाल कुणाला पाहिजे?" ज्याच्याकडं दोन लाल आहेत तो घ्यायला बघतो, आणि बाकीचे दोघं त्याचा रंग होऊ नये म्हणून बोली लावतात. भाव आपोआप चढतो. विकत घ्यायचं असलं तर मात्र उलटं. तेव्हा आधी नको असलेल्या एखाद्या कार्डाची चौकशी करतो, आणि बोलणं पुढं गेलं की हवं ते जाता जाता त्यात घालतो.

आणि हो, लिलाव! तुमच्यापैकी किती जण लिलाव करता? मूळ नियम असा की घरावर आलेल्यानं कार्ड घेतलं नाही तर बँकरनं ते तिथंच लिलावात काढायचं, आणि 'नको' म्हणणाराही बोली लावू शकतो. जवळजवळ सगळ्या घरांत हा नियम पाळत नाहीत आणि मग डाव लांबला म्हणून कुरकुरतात. ज्या पोरांनी मोंढ्यात तुरीचा, सोयाबीनचा सौदा लहानपणापासून बघितलाय त्यांना तरी लिलाव जड जायला नको. कितीतरी कार्डं निम्म्या किमतीत मिळतात, आणि तीच पुढं अदलाबदलीला कामी येतात.

माळवद

लिलावाला +१.

गहाण कार्डाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. सौद्यात गहाण कार्ड घेतलं तर घेणाऱ्यानं बँकेला लगेच दहा टक्के भरायचे असतात. तेव्हाच सोडवलं तर गहाणाची रक्कम अधिक ते दहा टक्के. नंतर सोडवायचं म्हटलं तर तेव्हा पुन्हा दहा टक्के. न्यूयॉर्क अव्हेन्यूचं गहाण १०० चं; घेताना १० गेले, आणि नंतर सोडवलं तर वर ११० लागतात. रक्कम छोटी दिसते, पण तीन-चार गहाण कार्डं एकदम घेतली की घरांसाठी राखलेले पैसे तिथंच जातात. गहाण कार्ड देणारा भाव करताना पूर्ण किमतीचं बोलतो, त्याला निम्म्याचं उत्तर द्यायचं.

शिवाय ज्या रंगावर घरं आहेत त्यातलं कार्ड तसंच विकता येत नाही. आधी त्या रंगावरची सगळी घरं बँकेला निम्म्या भावात परत द्यायची. आमच्याकडं यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तेरणाकाठ

घरांचा तुटवडा हा मुद्दा राहिला. बँकेत घरं ३२ च आणि हॉटेलं १२. घरं संपली की संपली, कागदाच्या चिठ्ठ्या करून घरं वाढवायची नाहीत. आपल्याकडं दोन रंग झाले तर प्रत्येक जागी चार-चार घरं ठेवून थांबायचं. सहा जागा, २४ घरं अडकली. हॉटेल बांधलं की ती चार घरं बँकेत परत जातात आणि समोरच्याला मिळतात, म्हणून हॉटेलचा मोह धरायचा नाही.

सौद्याशी याचा संबंध असा की कुणाला रंग पूर्ण करून देण्याआधी मी बँकेतली घरं मोजतो. आठ-नऊच उरली असतील आणि तीही मी लगेच उचलणार असेन, तर समोरच्याला हिरवा द्यायला काय हरकत आहे? त्याच्या हाती रंग येतो, घरं येत नाहीत.

पाटोद्याची_लेक

सगळं वाचलं. धागा माहितीचा आहे, पण एक मनात आलं ते लिहिते. समोर आठ वर्षांची भाची असते, तिला घरांचा तुटवडा काय कळणार? तिला रंग दिला, घरं दिली नाहीत, ही हुशारी म्हणायची की लुबाडणं? आणि एकूणच, सगळ्यांना कंगाल करून एकट्यानं जिंकायचा खेळ पोरांना शिकवावा का?

मोंढेकर (लातूर)

ताई, प्रश्न महत्त्वाचा आहे.

आधी दुसऱ्याबद्दल. हा खेळ ज्या बाईंच्या डोक्यातून निघाला त्यांच्या मनात तुमचाच प्रश्न होता. लिझी मॅगी त्यांचं नाव. हेन्री जॉर्ज या अर्थतज्ज्ञाच्या विचारांच्या त्या. जमिनीचं भाडं मूठभरांच्या खिशात गेलं की बाकीचे कसे पिचतात, हे लोकांना खेळातून दिसावं म्हणून त्यांनी 'द लँडलॉर्ड्स गेम' तयार केला, १९०४ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्यांनी नियमही दोन तऱ्हेचे केले होते. एकात संपत्ती वाढली की सगळ्यांना लाभ, दुसऱ्यात एकाची मक्तेदारी. पुढं तो खेळ हातोहाती, घरोघरी बदलत फिरला. चार्ल्स डॅरो यांनी त्यातलाच एक अवतार पार्कर ब्रदर्स कंपनीला विकला आणि १९३५ मध्ये कंपनीनं तो मोनोपॉली म्हणून बाजारात आणला. डॅरो श्रीमंत झाले. मॅगीबाईंचं पेटंट कंपनीनं त्याच वर्षी ५०० डॉलरला घेतलं, विक्रीतला वाटा त्यांना नाही. एवढ्या मोठ्या वस्तूचा सौदा इतक्या स्वस्तात गेला, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी पोरांना हे नाव मुद्दाम सांगतो.

आता भाचीबद्दल. लहान मूल असेल तर आमच्याकडं नियम आहे: सौदा करण्याआधी दोन्ही बाजूंची कार्डं मोठ्यानं वाचून दाखवायची. एका घराला किती, तीन घरांना किती, घर बांधायला किती लागतात, बँकेत घरं किती. मग मुलाला एक फेरी विचार करू द्यायचा. गोदाकाठच्या ताईंच्या सासूबाई "मोजून घे" म्हणाल्या ना, ते मला फार पटलं. सगळं सांगूनही जो सौदा आपल्याला फायद्याचा ठरतो तो चांगला सौदा. लपवून केलेला सौदा एकदाच होतो. उद्या तीच भाची आपल्याशी व्यवहार करणार नाही, आणि सुट्टी तर महिनाभर आहे.

पाटोद्याची_लेक

मोठ्यानं वाचायचा नियम आवडला. आजपासून आमच्याकडंही लावते.

हळदीचा_फड (वसमत)

आमच्याकडं "तू मला हे दे, मी तुझ्याकडून तीन फेऱ्या भाडं घेणार नाही" असले सौदे चालतात. नियमात बसतं का?

लोहा_कंधार

मूळ नियमात नाही. रोकड, कार्डं आणि तुरुंगातून सुटायची चिठ्ठी, एवढ्याचाच व्यवहार. भाडेमाफी, उधारी, 'पुढं कधीतरी देईन' हे काही त्यात नाही. खेळाडूनं खेळाडूला कर्ज द्यायचं नाही, पैसे हवे असतील तर कार्ड बँकेकडं गहाण टाकायचं. घरचा नियम म्हणून भाडेमाफी ठेवायची असेल तर डाव सुरू व्हायच्या आधी ठरवा आणि कागदावर लिहा. तोंडी माफीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरूनच होत नाहीत.

दुसरं, बुडणाऱ्या माणसाचं दान. हरायला आला की एखादा आपली सगळी कार्डं लाडक्या भावाला फुकट देऊन टाकतो. हे बंद करा. भाड्यापायी बुडाला तर त्याचं सगळं त्या भाडं घेणाऱ्याला, बँकेच्या देण्यापायी बुडाला तर कार्डांचा लिलाव.

माळवद

रेल्वेबद्दल मोंढेकर काय म्हणतात? आमच्याकडं रेल्वेला कुणी विचारत नाही.

मोंढेकर (लातूर)

सुरुवातीला घ्याव्यात. एक असली तर भाडं २५, दोन असल्या तर ५०, तीनला १००, चारला २००. घरं बांधायचा खर्च नाही, त्यामुळं सुरुवातीच्या फेऱ्यांत रोकड येत राहते. पण पुढं घरं उभी राहिली की २०० काहीच नाही. म्हणून मधल्या वेळात, अजून लोकांना रेल्वे भारी वाटत असतानाच, त्यातल्या दोन देऊन रंगाचं एक कार्ड मागावं. वीज आणि पाणी दोन्ही जवळ असली तर फाशांच्या बेरजेच्या दहापट. सरासरी सात धरले तर सत्तर. तेवढ्यासाठी पैसे अडकवू नयेत, सौद्यात वर घालायला ठीक.

गोदाकाठची (नांदेड)

एक शेवटचं विचारते. दुपारी सगळे झोपले की मी आणि मुलगा दोघंच उरतो. दोघांत सौदे कसे करायचे? एकानं दिलं की दुसऱ्याचं होतं, तिसरा कुणी नाहीच.

मोंढेकर (लातूर)

दोघांत सौदे कमीच होतात, कारण एकाचा जेवढा फायदा तेवढंच दुसऱ्याचं नुकसान. तिथं लिलावावर जोर द्या. एकेका रंगातलं एक तरी कार्ड आपल्याकडं राहील असं बघा, म्हणजे त्याचा रंग अडतो. सौदा करायचाच तर दोघांचेही रंग एकदम पूर्ण होतील असा करा, आणि त्या वेळी आपली रोकड त्याच्यापेक्षा जास्त असू द्या.

आणि हो, तुरुंगात बसूनही भाडं घेता येतं, सौदा करता येतो, घरंही बांधता येतात. बोर्डवर त्याची घरं उभी राहिली असतील तर पन्नास भरून बाहेर यायची घाई करू नका. जोडी पडली नाही तर तीन पाळ्या आत राहता येतं. तेवढ्यात त्याची सोंगटी तुमच्या घरांवरून फिरत राहते.